सुतळीच्या शेपट्या

सामान न्यायला आलेल्या मुकादमाने डोक्याला हात लावला. घरातल्या बाईने कपाट, टेबल, खुर्ची, सगळ्यांच्या पायांना सुतळ्या बांधून ठेवल्या होत्या. एखादी हातभर, एखादी चांगली लांबलचक.

"ताई, ह्या शेपट्या कापून टाकू?"

"एकीलाही हात लावायचा नाही. एक जरी सुटली तरी सामान उतरवून घेणार नाही मी."

नव्या घरी तिने त्याच सुतळ्या ताणून एकेक वस्तू मांडून घेतली. दारापासून कपाट, कपाटापासून टेबल, टेबलापासून खुर्ची, सगळं जुन्या घरातल्याच अंतरावर. हॉल जुन्याच्या दुप्पट, त्यामुळे भिंतीला लागायचं ते कपाट मधोमध येऊन उभं राहिलं, मागे नुसतं मैदान.

"एवढी ऐसपैस जागा काय क्रिकेट खेळायला घेतली?" नवरा वैतागला. "लोक हसतील, अगं."

"हसू देत. हसून दमले की गप्प बसतील. कपाट अजून वीतभर डावीकडे घ्या."

संध्याकाळी सासरे काठी टेकत दारात आले. त्यांची दृष्टी गेल्याला आता बरीच वर्षं झाली होती. नवरा त्यांना धरायला पुढे झाला, तसा तिने त्याचा हात मागे ओढला.

सासऱ्यांनी चाचपडत दोन पावलं टाकली. हाताला कपाटाचा कोपरा लागला. ते क्षणभर थबकले, मग टेबलाला वळसा घालून थेट आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

"सूनबाई," काठी पुढे करत ते म्हणाले, "ही काठी खास नव्या घरासाठी आणली होती. ठेवून दे कुठेतरी आत."