बापाचे केस

रोज सकाळी कुंकू लावण्याआधी आई हर्षदचे केस ओढून बघायची. घट्ट लागले की मगच करंडा उघडायची.

लग्न जमेना म्हणून हर्षदने डोक्यावर लावून घेतलेले ते केस त्याच्या वडिलांचे होते. "माझ्या डोक्यार टोपीच असता," म्हणत त्यांनी हौसेने दिले होते. खपल्या पडल्या, मुळं धरली. डॉक्टरांनी एकच बजावलं होतं, देणारा जिवंत आहे तोवरच हे केस टिकतील.

मग वादळ आलं आणि वडिलांची होडी परतलीच नाही.

आज न्हाताना मूठभर केस हर्षदच्या हातात आले.

"आसत मां रे?" दाराबाहेरून आईने विचारलं.

त्याने डोक्याला पंचा घट्ट गुंडाळला.

"आसत गे आये. लाव तू कुंकू."