गाडी डावीकडं ओढते

टायर नवे, रस्ता नवा, तरी गाडी डावीकडं ओढत होती.

"अजमल, तुझं टायरच खोटं हायेत," सुभेदार लालासाहेब म्हणाले. कालच त्यांनी कोरेगावात अजमलच्या दुकानातून चारी टायर बसवून नेले होते, आणि आज सकाळी गाडी पुन्हा त्याच्याच दारात उभी होती. "सरळ म्हणून चालंना. उद्या सांगलीला जायचंय मला. प्रांजलला बाळंतपणाला आणायचीय. भरल्या दिवसांची लेक ह्या असल्या गाडीत बसवू व्हय?"

मागच्या सीटवर त्यांची बायको शालन मांडीवर पूजेची पिशवी घेऊन बसली होती. सोमवार होता. सोमवारी तिन्हीसांजेला दिवा लागेपर्यंत ती तोंडातून शब्द काढत नसे. लग्न होऊन आली तेव्हापासूनचा नेम. माहेरचं माणूस गेल्याचा निरोप आला तेव्हासुद्धा तो मोडला नव्हता. काल नव्या टायरांना तिनं कुंकवाची बोटं लावली होती, चाकांखाली लिंबं ठेवली होती. एक लिंबू उरलं, ते पिशवीतच राहिलं होतं.

"टायर झकास हायेत, नाना. अलाइनमेंट गेली असंल," अजमल म्हणाला. "पण उगाच मशीनवर चढवायची न्हाई मी. आधी चालवून बघू. हात सोडल्यावर सरळ गेली, तर कशाला छेडायचं?" त्यानं मागच्या खिडकीतून डोकं आत घातलं. "काकी, तुमी सांगा. ओढती का?"

शालननं मान हलवली. ओढते.

"तिला काय इचारतोस? सोमवारी आमच्यात सीझफायर असतो," लालासाहेब म्हणाले. "आठवड्यातनं येकच दिवस आराम, गड्या. त्येवढा तरी घेऊ दे."

रहिमतपूरच्या बाजूला रस्ता लांबपर्यंत सरळ होता. एका अंगाला आल्याची शेतं, दुसऱ्या अंगाला पाण्यानं काठोकाठ भरलेला कॅनॉल. अजमलनं गाडी रस्त्याच्या मधोमध घेतली, वेग धरला आणि स्टिअरिंग सोडून दोन्ही हात वर केले.

शालननं मनातल्या मनात महादेवाचं नाव घेतलं.

गाडी दोरी लावल्यागत सरळ गेली. अजमलनं ती वळवली, परत येताना पुन्हा हात सोडले. पुन्हा सरळ. गिअरही लोण्यात सुरी जावी तसे पडत होते.

"नाना, हिला काय बी करायला नको. अलाइनमेंट ओक्के हाय."

"तू बसलास की गुणाची व्हती. सर तिकडं. मी दावतो."

जागा बदलल्या. लालासाहेबांनी गिअर टाकला तशी गाडी करकरली. "ह्यो गिअरबॉक्सबी गेला बघ," ते पुटपुटले. दुसरा गिअर पडायला दोन हिसके लागले.

गाडी कॅनॉलच्या कडेनं निघाली. मागून शालनला नवऱ्याचे दोन्ही हात दिसत होते. उजव्या बाहीचं बटण उघडंच होतं. सकाळीही तिला ते दिसलं होतं. गडबडीत राहिलं असेल, असं वाटलं होतं. पण ह्या माणसाच्या सदऱ्याचं बटण उघडं राहिलेलं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. उजव्या बाहीचं बटण डाव्या हातानं लावायचं असतं.

तिनं डाव्या हाताकडं पाहिलं.

तो हात स्टिअरिंगला धरून नव्हता. दांडीवर ओलं धोतर टाकावं तसा तो स्टिअरिंगवर टाकलेला होता, आणि आपल्या वजनानं चाक हळूहळू खाली, डावीकडं ओढत होता. काल देवळाच्या पायरीवर डाव्या पायातली चप्पल सुटली होती आणि हे तसेच पुढं चालत गेले होते. ती मागून चप्पल घेऊन धावली होती. हसली होती.

"बघ, ओढती का न्हाई?" लालासाहेब विजयानं म्हणाले. "बघ, बघ!"

समोर कॅनॉलचं पाणी चकाकलं.

"आवं, थांबवा!"

शालनची किंकाळी अशी काही निघाली, की अजमलनं काही न विचारता हँडब्रेक ओढला. गाडी फरफटत थांबली. डावं पुढचं चाक काठावरच्या गवतात रुतलं होतं. खाली माती ढासळून पाण्यात पडल्याचा आवाज आला.

लालासाहेब वळले. कॅनॉलकडं त्यांनी पाहिलंही नाही. ते बायकोकडं बघत होते, आभाळ कोसळल्यासारखे.

"अगं... तुझं मौन मोडलं की."

शालननं पिशवीतून ते उरलेलं लिंबू काढलं, दोन सीटांच्या मधून पुढं वाकली आणि नवऱ्याचा डावा तळवा उघडून त्यात ठेवलं.

"धरा हे. घट्ट धरा."

अजमल तोवर उतरून ड्रायव्हरच्या बाजूला आला होता. त्यानं दार उघडलं. "नाना, सरका तिकडं. मी चालवतो." मग आवाज खाली आणून, "काकी, साताऱ्यालाच घेतो. सरळ दवाखान्यात."

लिंबू तळव्यावरून घरंगळलं, गुडघ्याला लागलं आणि पायातल्या ब्रेकपाशी जाऊन थांबलं.

"धरलंय की," लालासाहेब समोर बघत म्हणाले. "सोडलंय कुठं?"