आमच्यात नाव घेत नाहीत

शरयूबाईंच्या नवऱ्याला म्हातारपणी गोड वागायचं खूळ लागलं होतं. जन्मभर चहात साखर कमी पडली की कप आदळणारा माणूस, आता पुढं ठेवाल तो चहा निमूट प्यायचा आणि वर हसायचा. काही विचारलं की नुसती मान डोलवायचा. रोज सकाळी उठून दर्पण कॉलनीतल्या ध्यानाच्या वर्गाला जायचा. घरी आला की पुन्हा डोळे मिटून गॅलरीत बसायचा, बोका दुधाच्या पातेल्याजवळ बसतो तसा. ध्यानानं म्हणे म्हातारपणी डोकं तल्लख राहतं.

"राहायला आधी असावं लागतं," शरयूबाई सुनेला म्हणायच्या. मंजिरी तोंड फिरवून हसायची.

त्या दिवशी वर्गाला जोडीनं बोलावलं होतं. शरयूबाई गेल्या, पण शिकायला नव्हे. त्या थोतांडाची एकदाची हजेरी घ्यायची होती त्यांना. शिकवणारी निधी त्यांच्या नातीच्या वयाची. हॉलभर पिकली डोकी खुर्च्यांवर मुकाट बसलेली.

"साँस को आते देखिए, जाते देखिए," निधी मऊ आवाजात म्हणाली.

"मग इतकी वर्षं काय तो श्वास न विचारता येत-जात होता?" शरयूबाईंनी शेजारणीला विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मग आठवणीचा व्यायाम आला. जोडीदाराकडे बघायचं, त्याचं नाव घ्यायचं आणि त्याची एक जुनी आठवण सांगायची.

"पहले आप, आंटीजी."

"आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत," शरयूबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढं पुरे झालं."

"चलिए, अंकलजी, आप लीजिए."

नवऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तो हसला, तेच ते नवं गोड हसू.

"आमच्यात बायकोचंही नाव घेत नाहीत."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. "क्या जोड़ी है!" कुणीतरी म्हणालं. शरयूबाई टाळ्या ऐकत नव्हत्या.

त्यांच्या घराण्यात पुरुषांना असली आडकाठी कधीच नव्हती. हा माणूस तर दोघं हजीऱ्याच्या जुन्या घरी राहत होती तेव्हापासून स्कूटर बंद करायच्या आधीच फाटकातून "शरयू!" म्हणून ओरडायचा. गल्लीतली पोरं त्याची नक्कल करायची आणि शरयूबाई घरात लाजेनं अर्धमेल्या व्हायच्या. ती हाक कधीतरी बंद पडली. कधी, ते त्यांना आता सांगता येईना. बंद पडली तेव्हा, बरं झालं, म्हातारा सुधारला, असं त्यांनीच मंजिरीला ऐकवलं होतं.

वर्ग सुटला. दोघं रस्त्याच्या कडेला शेअर टेम्पोची वाट बघत उभी राहिली.

"माझं नाव काय?" शरयूबाईंनी विचारलं.

त्यानं हसून मान डोलवली.

"अहो, मी काय विचारतेय?"

"रोज जाऊन बसतो ना," तो हळूच म्हणाला. "वाटलं, डोकं शांत झालं की येईल परत. बाकी सगळं आठवतं गं. तुझ्या हातचं सगळं आठवतं. पण तुला कसं विचारू, तुझं नाव काय म्हणून?"

टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हर "बाडा, बाडा" असं चौकाचं नाव ओरडत होता. शरयूबाईंनी त्याला हातानंच पुढं हाकललं. नवऱ्याची वळलेली कॉलर त्यांनी सरळ केली, गरजेपेक्षा जरा जोरातच. मग डोक्यावरचा पदर सावरला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"पक्के लबाड आहात तुम्ही, मानसिंगराव. मी शरयू. म्हणा."