जांभळा ठिपका

बाबांनी आईसाठी बनवलेला काडेपेटीएवढा कॉम्प्युटर ते गेल्यापासून बंद होता. त्यांचा आवाज फक्त त्यात उरला होता. खणात काळ्या अडॅप्टरांचा ढीग होता. दादाने एक उचलला. “पिन बसतेय की. लाव.” “पिन सगळ्यांचीच बसते. बारा व्होल्टचा लावला तर क्षणात जळेल,” मी म्हणाले. कॉम्प्युटर उजेडात धरला, तर पिनेच्या भोकाशेजारी जांभळा ठिपका चमकला. मी ढीग उपसला. एका पिनेवर तसाच ठिपका, अडॅप्टरवर ‘पाच व्होल्ट’. आई वाकली. “हे तर माझं नेलपॉलिश. आणि संपवलं म्हणून मी तुला बोलायचे.” जीव मुठीत धरून मी आधी पिन खोचली, मग भिंतीवरचं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. खरखर झाली, बाबांचा आवाज आला, “बाईसाहेब, गोळी घेतलीत का?” आई पाणी घ्यायला धावली. “घेते हो. ओरडू नका.”