खातं : चोळीबांगडी

"शिरताना मोज, निघताना मोज. एक मेंढरू कमी भरलं तर लगीच लांडग्याच्या नावावर घालू नको, जालू. आधी वाड्याची जाळी आतनं कुणी उचलली ते बघ."

बापाचा, धर्माजींचा हा आवाज जालिंदरच्या कानात तीस वर्षं तसाच होता. म्हातारा गेला, मेंढरं तर त्याच्याही आधी गेली. मोजायची खोड तेवढी लेकात उरली.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात जालिंदर कॉम्प्युटर सांभाळायचा. तिथल्याच सयाजीनं त्याला हिशेबाचा एक प्रोग्राम सीडीवर घालून दिला. त्यात चित्रं नव्हती, बटणं नव्हती. नुसता काळा पडदा. साध्या फायलीत एकेक व्यवहार लिहायचा, पैसा कुठल्या खात्यातून निघाला आणि कुठल्या खात्यात शिरला. मग एका ओळीचा हुकूम टंकायचा, की सगळ्या घराचा ताळेबंद पांढऱ्या अक्षरांत भराभर उतरायचा. आणखी एक ओळ टंकली की त्याचा आलेख.

जालिंदर हरखला. ऑफिसातला जुना कॉम्प्युटर त्यानं घरी आणला. घर, विहीर, तीन एकर रान सगळं फायलीत चढवलं. रानापुढं प्रोग्रामनं विचारलं, हे आलं कुठल्या खात्यातून? वडलांच्या मागं थोरल्या बहिणीनं, तुकाआक्कानं, अंगठा देऊन कागद करून दिला होता, सातबारा त्याच्या एकट्याच्या नावावर होता. त्यानं 'आरंभीची शिल्लक' असं टंकलं आणि पुढं गेला.

बायकोला, पुष्पाला त्यानं बजावलं, "रुपायाची मेथी आणली तरी चिठ्ठी डब्यात टाकायची."

पुष्पा गावातल्या बायकांची पोलकी शिवायची. चार पैसे मिळवायची आणि मुकाट्यानं चिठ्ठ्या टाकायची. मीठ, रॉकेल, दोऱ्याची रिळं. खोटं लिहिणं तिच्या जिवावर यायचं.

दोन हजार सहाच्या गणपतीनंतर जालिंदरनं खातेवार आलेख काढला, तो ऑफिसात छापायला नेला. सयाजीनं कागद ओढून घेतला.

"राव, बाकीच्या रेघा खालीवर, पण ही एक नुसती जिन्यासारखी चढतीय. चोळीबांगडी, अकरा हजार सहाशे! वहिनींनी दुकान टाकलं का काय?"

जालिंदर हसला, पण हसू ओठावरच वाळलं. अठ्ठावीस महिने. पहिलं वर्ष महिन्याला तीनशे, मग पाचशे. एक महिना चुकला नव्हता. आणि पुष्पाच्या हातात तर काचेच्या दोनच बांगड्या होत्या, त्यातली एक टवका उडालेली.

घरी येऊन त्यानं कागद मशिनीवर ठेवला.

"ही चोळीबांगडी कसली?"

"चोळीबांगडीच."

"कुणाची?"

"बाईमाणसाची. तुमी घालणार हाय व्हय?"

"पुष्पे, मी चेष्टा करत न्हाई."

तिनं पाय चालवला. मशीन खडखडली. "म्या बी करत न्हाई," ती म्हणाली, आणि पोलक्याची शिवण पुढं ओढली.

चौदा वर्षांचा संसार. ज्या हातानं भाकरी वाढली, त्याच हातानं जाळी उचलली, ह्या विचारानं त्यानं ताट तसंच सोडलं. तिचा भाऊ भिमाजी मंचरला दुकान काढायच्या गोष्टी करत होता. पैसा तिकडंच जात असणार. जालिंदरनं मनाशी ठरवलं, हे खरं निघालं तर हिला भिमाजीच्याच दारात सोडायची, कायमची.

शनिवारी पुष्पा बाजाराला म्हणून नारायणगावला उतरली. बाजाराकडं न वळता मंचरच्या गाडीत बसली. जालिंदर मोटरसायकलवर मागोमाग. मंचरला ती भिमाजीच्या आळीकडं फिरकलीसुद्धा नाही. लोणीची गाडी लागली होती, तीत चढली.

लोणीत तुकाआक्काचं घर होतं. आक्का ओट्यावर मटकी निवडत होती. पुष्पानं कमरेची पिशवी सोडली, पाच नोटा तिच्या हातावर ठेवल्या, आणि मोटरसायकल दारात येऊन थांबली.

"आगं बया, जालू!" आक्काचा चेहरा उजळला. "दर म्हयन्याला हिच्याजवळ धाडतूस, आज सवता आलास?"

"मी धाडतो?" जालिंदरनं खिशातला कागद उलगडून तिच्यापुढं धरला. "आक्का, बघ ही रेघ! अठ्ठावीस म्हयने ही मला फसवतीय. मला वाटलं भावाचं घर भरतीय. माझ्या पाठीमागं तुमी दोघी?"

पुष्पानं पदर सावरला. "वन्सं, माफी करा. ह्यांनी धाडलेत असं खोटंच सांगत आले मी. हिशेबात मातर खरं लिवलं. भनीचा रानातला वाटा गेला, निदान चोळीबांगडी तरी पोचावी म्हणून."

"वाटा गेला न्हाई, तिनं सोडलाय!" जालिंदर ओरडला. "राजीखुशीनं!"

"राजीखुशीनं?" पुष्पाचा आवाज खाली आला. "तुमी त्यांना पंपाच्या लायटीचा कागद म्हणून सांगितलं. मी तिथंच व्हते, ह्याच ओट्यावर, च्या घेऊन उभी. मागनं आपल्या कपाटात त्याची नक्कल घावली. वर हक्कसोड लिवलेलं."

जालिंदर बहिणीकडं वळला.

"आक्का, हिचं ऐकू नको. तुला काय वाचता येतंय त्यातलं? मी सांगतो तुला..."

तुकाआक्कानं नोटांची घडी पुष्पाच्या हातात परत दिली. मटकीचं सूप बाजूला सारलं.

"वाचला व्हता म्या त्यो कागद. साक्षरतेच्या वर्गाला शिकले व्हते, तुला म्हाईत न्हाई. सही बी येत व्हती, जालू. पर सही केली आसती, तर मला वाचता येतंय ह्ये तुला कळलं आसतं, आन भावाची मान माझ्याच दारात खाली गेली आसती. म्हणून आंगठा दिला."