जुनं उत्तर

"मागे कोण जुनं उत्तर देतंय?" फादर व्हॅलेरियन यांनी माइकवरून विचारलं. पुढच्या रविवारपासून मिस्सेचं, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेचं, नवं भाषांतर लागू होणार होतं, म्हणून या चर्चचे सगळे लोक, सगळा धर्मग्राम, सरावाला जमला होता. फादर "प्रभू तुमच्याबरोबर असो" म्हणाले की आता "आणि आपल्या आत्म्याबरोबरही" म्हणायचं होतं. पास्कू मात्र खणखणीत आवाजात जुनंच म्हणाला होता, "आणि आपल्याबरोबरही."

लोक हसले. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोच्या, सिसिलियाच्या, अंगाचा तिळपापड झाला. वर्षभरापूर्वी पक्षाघाताचा झटका आल्यापासून पास्कूची वाचा गेली होती. पाणी मागता येत नव्हतं, तिला हाक मारता येत नव्हती. लहानपणापासून जिभेवर बसलेली मिस्सेतली उत्तरं तेवढी तोंडून निघायची.

"काका, जमत नसेल तर गप्प बसा," पुढच्या बाकावरची कार्यकर्ती वळून म्हणाली.

सिसिलिया ताडकन उठली. "गप्पच असतो तो! आठवडाभर घरात गप्प असतो. इथे येऊन चार शब्द बोलतो, तेही हिसकावून घेता?"

"बाई, मला कल्पना नव्हती," फादर म्हणाले. "पण सगळ्यांनी एकच म्हणायचं, असा वरून आदेश आहे."

"मग पाळा तुम्ही आदेश," म्हणत ती नवऱ्याचा हात धरून निघून गेली.

रविवारी दोघं पहिल्या बाकावर बसली. "प्रभू तुमच्याबरोबर असो," फादर म्हणाले. सारं चर्च नवं बोललं. पास्कू जुनं बोलला, आणि त्याच्याहून आवाज चढवून सिसिलियाही. फादरांनी डोकं पुस्तकात घातलं. तिचा राग अजून उतरला नव्हता, आणि मिस्सा तर आत्ताच सुरू झाली होती.