दसऱ्याचं गाऱ्हाणं
थोरला प्रज्योत पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर घरी पडून राहिला. दर दसऱ्याला मी त्यावर फुलं वाहून थोरल्यासाठी देवाकडे गाऱ्हाणं घालायचो. यंदा धाकट्या गौरेशने मोपा विमानतळावरच्या पगारातून गेम खेळायला नवा कॉम्प्युटर जुळवला. सगळं नवं परवडेना, म्हणून कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय दादाचेच ठेवले. "ल्हानपणी तेचे शर्ट घातले, आता तेचो डबो," तो हसत म्हणाला. दसऱ्याच्या पूजेला मला त्यानेच बसवलं आणि हात जोडून उभा राहिला. कॅबिनेटवर झेंडूची माळ चढवताच सवयीने तोंडातून निघालं, "देवा म्हाराजा, ह्या यंत्राच्या धन्याक, माझ्या प्रज्योताक, सुखी ठेव." गौरेश म्हणाला, "व्हय म्हाराजा. बाबा, प्रसादय लंडनाकच धाडा." मी पुढे केलेला खोबऱ्याचा तुकडा न घेता तो ड्युटीला गेला.